अंगावरून वारं गेलेल्या, म्हणजे पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाच्या उशाशी बसणाऱ्यांसाठी

"मॅडम, व्यायाम कवा चालू करायचा?" वॉर्डात शिरले की पहिला प्रश्न हाच. विचारणारा बहुधा मुलगा नाहीतर पुतण्या. रात्रभर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून डोळे तांबारलेले, काखेत स्कॅनच्या फिल्मची पिशवी. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगली-मिरजेच्या वॉर्डांतून फिरण्यात बरीच वर्षं गेली. माझं उत्तर ऐकून माणसं जरा गोंधळतात: व्यायाम तुम्ही कालपासूनच करून घेताय, बहुतेक चुकीचा.

मी एका रुग्णाजवळ दिवसाला अर्धा, फार तर पाऊण तास असते. बाकीचे तेवीस तास तुम्ही असता. त्याला कुशीवर कसं वळवता, पाणी कसं पाजता, उठवताना कुठं धरता, स्टूल कुठल्या बाजूला टाकून बसता, यातच त्याचा अर्धा व्यायाम होतो नाहीतर बिघडतो. आणि हे तुम्हाला नीट बसून सांगायला कुणाला वेळ नसतो. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि आता तर जत, आटपाडीपासून पार अथणी-विजापूरपर्यंतची माणसं इथंच येऊन उतरतात. गर्दी एवढी की डॉक्टर खाटेजवळ उभे राहतात ती दोन मिनिटं. म्हणून हे सविस्तर.

पहिलं काम: एक वही

दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. पाळीपाळीनं बसणारी माणसं बदलतात. सकाळी सून, दुपारी भाऊ, रात्री मुलगा. डॉक्टरांनी सकाळी सांगितलेलं रात्रीच्या माणसाला माहीत नसतं. पहिल्या पानावर हे चार प्रश्न लिहा आणि राउंडला विचारून उत्तरं भरा:

मेंदूत गुठळी अडकली की रक्तस्राव झाला? मेंदूच्या कुठल्या बाजूला? तोंडानं काही द्यायचं का? बसवायची परवानगी आहे का?

दहांतल्या साधारण आठ जणांना गुठळीचा झटका असतो, बाकीच्यांना रक्तवाहिनी फुटून. दोन्हींची औषधं वेगळी, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला काय चाललंय ते बघून आपल्याला तसंच पाहिजे म्हणून भांडू नका. मेंदूच्या डाव्या बाजूला मार लागला तर उजवं अंग जातं आणि बहुतेकांची वाचाही तिथंच असते. उजव्या बाजूला लागला तर डावं अंग जातं. बोलणं शाबूत राहतं, पण डावीकडचं जगच त्या माणसाच्या लक्षातून निघून जाऊ शकतं. त्याबद्दल पुढं.

अजून एक गोष्ट वहीत लिहून ठेवा, कारण यावरून दर आठवड्याला कुणीतरी सिस्टरशी वाद घालतो. गुठळीच्या झटक्यात पहिले एकदोन दिवस डॉक्टर बीपी मुद्दाम थोडं चढतं ठेवतात. १६०-१७० दिसलं म्हणून घरून आणलेली बीपीची गोळी गुपचूप देऊ नका.

तोंडात घोटभरही नाही, तपासणी होईपर्यंत

हे सगळ्यात अवघड जातं. आपल्याकडं आजाऱ्याला पाणी नाकारणं म्हणजे पाप. एका आक्कांनी नवऱ्याला आडवं झोपलेलं असताना चमच्यानं चहा पाजला. "घसा कोरडा पडलाय ओ, दोनच चमचे." ते खोकलेसुद्धा नाहीत, म्हणून आक्कांना वाटलं नीट गेला. तिसऱ्या दिवशी ताप आणि छातीत घरघर.

झटक्यानंतर गिळण्याचे स्नायूही ढिले पडतात. चहा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो आणि तिथली संवेदना कमी झालेली असली तर ठसकाही लागत नाही. पातळ पदार्थ सर्वांत धोक्याचा: पाणी, चहा, ताक. म्हणून सिस्टर, डॉक्टर किंवा स्पीच थेरपिस्ट यांनी गिळण्याची चाचणी घेऊन "द्या" म्हणेपर्यंत ओल्या कापसानं ओठ पुसा, एवढंच.

परवानगी मिळाल्यावर आधी पूर्ण बसवा. पाठीला उशा लावून ताठ, हनुवटी किंचित छातीकडं. तांब्यातून मान वर करून पाणी ओतायची आपली सवय या काळात बंद. चमचा छोटा, घास चांगल्या बाजूच्या गालात. गिळून झाल्यावर "आ" म्हणायला लावा. आवाज ओला, गुळगुळीत आला तर थांबा आणि सिस्टरला सांगा. दुबळ्या गालात अन्न साठून राहतं, ते बोटाला फडकं गुंडाळून काढा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका.

काय द्यायचं? घट्टसर, एकजीव. घोटलेला वरणभात, नाचणीची दाट पेज, ज्वारीचं दाट आंबील, मऊ शिरा. भाकरी चुरून आमटीत घातली की झालं असं वाटतं, पण पातळ आमटी आणि भरड चुरा एकाच घासात गिळणं हे त्या घशाला दोन कामं एकदम सांगणं आहे. भाकरी शेवटी आणा. नाकातून नळी असेल तर फीड देताना आणि नंतर डोकं उंच. आणि नळी असली तरी तोंड दिवसातून दोनदा ब्रशनं साफ करा, कारण घाणेरड्या तोंडातली लाळ फुप्फुसात गेली तरी न्यूमोनिया होतो.

झोपवायचं कसं

दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. मोबाइलवर गजर लावा, वहीत वेळ लिहा. माकडहाड, टाचा आणि कुल्ह्याची बाजू रोज बघा. लालसर डाग दाबून पांढरा पडत नसेल तर तिथं पाठ सडायला सुरुवात झाली असं समजा आणि त्याच दिवशी दाखवा.

उताणं झोपवलं तर गेलेल्या बाजूच्या खांद्याखाली आणि पूर्ण हाताखाली उशी, बोटं मोकळी. चांगल्या कुशीवर झोपवलं तर गेलेला हात पुढं उशीवर, मिठी मारल्यासारखा, आणि गेलेला पाय गुडघ्यात वाकवून दुसऱ्या उशीवर. गेलेल्या कुशीवरही झोपवता येतं, नव्हे झोपवावंच, फक्त तो खांदा अंगाखाली दबू न देता अलगद पुढं ओढून घ्या. दवाखान्याच्या दोन उशा पुरत नाहीत. घरून वाकळ आणा, गुंडाळी करता येते.

आता तो पिवळा चेंडू. बाहेरच्या मेडिकलमधून प्रत्येक घर तो घेऊन येतं आणि तात्यांच्या हातात कोंबून ठेवतं. या आजारात मूठ मिटणं हळूहळू आपोआप वाढतं. अडतं ते उघडणं. दिवसभर चेंडू दाबत ठेवला तर मिटणाऱ्या स्नायूंनाच जोर मिळतो. चेंडू नातवाला द्या.

खांदा

इथं मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या सख्ख्या मामांचा खांदा असाच गेला. मी तेव्हा शिकत होते. दवाखान्यातून घरी आणताना गाडीतून उतरवायला दोघं पुढं झाले, एकानं इकडून काखेत हात घातला, दुसऱ्यानं तिकडून मनगट धरून ओढलं. हात चालला नाही तरी चालेल पण हा दुखायचा थांबू दे, असं मामा पुढं दोन वर्षं म्हणत होते.

खांद्याचा गोळा उथळ वाटीत बसलेला असतो. त्याला जागेवर धरून ठेवतात ते स्नायू. ते ढिले पडले की हाताच्या वजनानंच गोळा खाली घसरतो. गेलेल्या खांद्याच्या कडेवर बोट ठेवून बघा, बोटभर खळगा लागतो. अशा हाताला धरून ओढणं म्हणजे चिखलातला खुंटा हलवणं. म्हणून काखेत हात घालून उचलायचं नाही, मनगट धरून ओढायचं नाही, डोक्यावर दोरी-कप्पी बांधून हात वर खेचायचा नाही. बसलेला असताना हात मांडीवरच्या उशीवर. लोंबता कधीच नको. गळ्यातली झोळी चालताना चालेल, पण दिवसभर नको, हात आखडतो.

मग उठवायचं कसं? दोन्ही गुडघे वाकवा. एक हात खांद्याच्या फऱ्यामागं, दुसरा कुल्ह्यावर ठेवून माणूस तुमच्याकडं कुशीवर वळवा. पाय खाटेच्या कडेवरून खाली सोडा. पाय खाली जातात तसं वरचं अंग फऱ्याला आधार देत वर आणा. त्याला चांगल्या हातानं गादी रेटायला सांगा. दोन मिनिटं तसंच बसू द्या. चेहरा पांढरा पडला, घाम आला तर पुन्हा आडवं करा. हे पहिल्यांदा सिस्टर किंवा थेरपिस्टसमोरच करा.

आणि घाईही नको. "आजच चालवा" म्हणणारे मेहुणे प्रत्येक घरात असतात. पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. पहिल्या चोवीस तासांच्या आतच वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्यांचं तीन महिन्यांनी उलट थोडं कमी भलं झालं. म्हणजे निजवून ठेवा असं नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की थोडं थोडं, दिवसातून बऱ्याचदा.

स्टूल कुठं ठेवायचं

उजव्या मेंदूला मार लागलेले एक पैलवान गडी होते, साठीचे. ताटातली उजवीकडची भाजी-भाकरी संपवायचे आणि "भात का वाढला न्हाई" म्हणून सुनेवर चिडायचे. भात डाव्या बाजूला जसाच्या तसा. दाढीही अर्धीच केलेली. घरच्यांना वाटलं डोक्यावर परिणाम झालाय. डोळ्यांना दिसत होतं, मेंदू ती बाजू हिशेबात धरत नव्हता.

अशा माणसाच्या गेलेल्या बाजूला स्टूल टाकून बसा. तिकडूनच बोला, तिकडूनच हात धरा, टीव्ही असला तर तिकडं. पहिल्या दिवसांत अजिबातच मान वळत नसेल तर समोरून सुरू करून हळूहळू तिकडं सरका. ताट मात्र स्वतः फिरवून देऊ नका. "आप्पा, डावीकडची कड शोधा" म्हणा. पाण्याचा ग्लास आणि बेल मात्र त्याला दिसेल अशाच बाजूला, कारण रात्री तहान लागल्यावर शिकवणी नको.

वाचा गेली म्हणजे समज गेली असं नाही

कवठेमहांकाळकडच्या एक आजी आल्या होत्या, उजवं अंग गेलेलं. "बरं" एवढा एकच शब्द उरलेला. नाव काय? बरं. दुखतंय का? बरं. सुना त्यांच्यासमोरच त्यांच्या शेताच्या वाटणीबद्दल बोलत होत्या. आजींच्या डोळ्यांतून पाणी. चौथ्या दिवशी मी त्यांना बसवून ताल धरला आणि "ज्ञानबा" म्हटलं, तर पुढचं "तुकाराम" त्यांनी स्वच्छ म्हटलं, मग दहा वेळा म्हटलं. त्या वारकरी होत्या. सुरात, तालात आणि पाठांतरात बसलेले शब्द मेंदूत वेगळ्या वाटेनं येतात. गजर, अंक, वारांची नावं, पाळण्यातलं गाणं, जे येईल तिथून सुरुवात करा.

बोलताना एकेक छोटं वाक्य. हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न: "चहा पाहिजे का?" "काय पाहिजे?" नको. उत्तराला दहा सेकंद द्या, मनात मोजा. शब्द तोंडात येऊन अडकला की लगेच पुरा करून देऊ नका. ओरडूही नका, कानाला काही झालेलं नाही. आणि त्याच्यासमोर वाटणी, खर्च, "आता यांचं कसं होणार" हे बोलायला जिन्यात जा.

हाताला काम

झटक्यानंतरचे पहिले तीन महिने मेंदू नव्या वाटा सर्वांत वेगानं काढतो, सहा महिन्यांपर्यंत बराच, पुढं हळू. हळू म्हणजे थांबलं असं नाही. पण या वाटा काढायला नुसतं हात वरखाली करून भागत नाही, ओळखीचं काम पुन्हा पुन्हा करावं लागतं.

मार्केट यार्डात हमाली केलेला एक माणूस व्यायामाला तोंड वाकडं करायचा. त्याच्या पोरानं एका परातीत हळकुंडं आणली. ह्या परातीतून त्या परातीत. पहिल्या दिवशी पाच आणि घामाघूम. दोन आठवड्यांनी पोरं मोजत होती आणि हा पैज लावत होता. हळकुंड जमल्यावर बेदाणे दिले, चिमटीत धरायला. माझ्या व्यायामाच्या कागदापेक्षा हे भारी.

उजवा हात गेलेल्या माणसाला डाव्या हातानं जेवायला लाज वाटते, विशेषतः पंगतीत. तो उपाशी राहतो पण म्हणत नाही. घरातल्या थोरल्यानं एकदा मोठ्यानं म्हणावं, "डाव्यानं खा, ह्या घरात चालतं." कपडे घालताना गेलेला हात आधी बाहीत, काढताना चांगला हात आधी बाहेर. नऊवारी आणि धोतर काही दिवस कपाटात, गाऊन आणि इलॅस्टिकची पँट बरी. गेलेल्या अंगाला गरम-थंड कळत नाही, त्यामुळे शेकायची पिशवी आणि बादलीतलं पाणी स्वतःच्या कोपरानं तपासा.

चालताना तुम्ही गेलेल्या बाजूला, काठी त्याच्या चांगल्या हातात. पायात मागं पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. स्लिपर नको. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना गेलेला पाय आधी.

तेल, कबुतर आणि दुसरं गाव

भेटायला येणारा प्रत्येक जण एक औषध सांगून जातो. अमक्या गावी पानाचा रस नाकात सोडतात, कबुतराचं रक्त चोळतात. मी कुणाला हसत नाही, माणूस घाबरलेला असतो. पण नाकात, तोंडात काहीही सोडायचं नाही. गिळण्याचं काय ते वर सांगितलंच. तेल हलक्या हातानं चोळा, बरं वाटतं. मात्र पोटरी एका बाजूची सुजलेली, गरम, दुखरी असेल तर हात लावू नका. तिथं रक्ताची गाठ असू शकते, चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आधी डॉक्टर.

आणि हो, मिसरी-तंबाखू. "आता तेवढंच सुख उरलंय" म्हणून चोरून देणारे असतात. देऊ नका.

रडणं

साधारण तिघांतल्या एकाला झटक्यानंतर उदासी येते. जेवण टाळतो, भिंतीकडं तोंड करून झोपतो, व्यायामाला नाही म्हणतो. त्याला आळशी म्हणू नका, डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे. काही जण कारण नसताना एकदम रडतात किंवा हसतात. ती मेंदूची गडबड. समजूत घालत बसण्यापेक्षा विषय बदला.

आणि तुम्ही. सलग तीन रात्री एकाच माणसानं बसायचं नाही. हे बहुतेक घरांत सुनेवर येतं. वहीत पाळ्या लिहा, त्यात मुलाचं आणि जावयाचंही नाव असू दे.

घरी जाण्याआधी

सुट्टीची तारीख कळली की एकानं पुढं घरी जावं. उंबऱ्याला उतार करायचा किंवा लाकडी फळी. सतरंज्या, पायपुसणी काढायची. खाट अशी की बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. उकिडवं बसायचा संडास असेल तर मध्ये भोक असलेली खुर्ची मिळते, आणि भिंतीला धरायला दांडी, चांगल्या हाताच्या बाजूला. रात्री दिवा.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, भरती असतानाच. नंतर हेलपाटे पडतात. काही महिन्यांनी अपंगत्व राहिलंच तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून प्रमाणपत्र काढा. ४० टक्के किंवा जास्त असेल तर एसटीसह बऱ्याच सवलतींचा दरवाजा उघडतो.

गोळ्या. रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची, बीपीची. "आता बरा झालाय" म्हणून बंद केलेल्या गोळ्यांमुळं दुसऱ्यांदा आलेली माणसं मी फार बघितली आहेत. पुढच्या काळात बीपी साधारण १३०/८० च्या आत ठेवायचं असतं, म्हणून ताटातलं लोणचं, पापड, खर्डा कमी.

वहीचं शेवटचं पान कोरं ठेवा आणि घरी गेल्यावर फ्रिजवर चिकटवा. त्यावर मोठ्या अक्षरांत: तोंड वाकडं, हात खाली पडतोय, बोलणं जड, यातलं एक जरी एकाएकी दिसलं तरी १०८. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो "ठीक असल्याचं शेवटचं कधी बघितलं?" म्हणून त्या पानावर एक जागा रिकामी सोडा, वेळ लिहायला. आणि दोरीनं एक पेन बांधून ठेवा. ऐन वेळी पेन सापडत नाही.